बोल्टाला न लागलेलं कुंकू
दसऱ्याला झेंडूसोबत बंदुकीच्या तेलाचा वास आला, की पुंडलिकनगरातली ती बैठकीची खोली आठवते. काकांना परवान्यावर जुनी रायफल घेऊन कारागिराकडून ती जास्त जोराच्या मॅग्नम काडतुसासाठी नव्यानं बांधून घ्यायची होती. नळी बदलता येते, पण सांगाडा आणि काडतूस मागून बंद करणारा बोल्ट एकाच नंबरच्या मूळ जोडीचेच पाहिजेत, नाहीतर दणका आपल्याच तोंडावर येतो, असं त्यांनी वाटेत मला बजावलं होतं. विकणारा सोयगावकडचा म्हातारा होता. त्यानं सतरंजीवर रायफल ठेवली. "आजोबापासून घरात हाय, दर दसऱ्याला पूजा केलेली." काकांनी चष्मा पुसला. सांगाड्यावरच्या नंबरात कुंकू गच्च बसलेलं; बोल्टावर नंबर तोच, पण कोरा करकरीत, जणू काल ठोकलेला. काकांनी रायफल उजेडाकडे वळवली. "पूजेच्या वक्ताला बोल्ट काढून ठेवतो, घरात लेकरं असतात," म्हातारा घाईनं म्हणाला. काका अर्धा चहा ठेवून उठले. जिन्यात मला म्हणाले, "मी कुठं काय विचारलं व्हतं?" आता पूजेआधी मीही माझ्या रायफलीचा बोल्ट काढून कपाटात ठेवतो, आणि त्याचाही नंबर कोराच राहिलाय. म्हाताऱ्याचं कारण खरंही असेल. पण ते प्रश्नाच्या आधी आलं होतं.