गिरणीत शिकलेली मराठी

"तुम्ही बोला, मी मागून बोलते."

कर्जतच्या आमच्या गल्लीत ती हे वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणायची, आणि तेही ओरडून. म्हणताना उजवा हात कानामागे धरायची आणि ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून बघायची. समोरचा माणूस हातभर अंतरावर असायचा, पण पाहणाऱ्याला वाटावं की तो नदीच्या पलीकडे उभा आहे.

ती मेघालयातून आलेली. गावाबाहेरच्या मिशनच्या घरात राहायची. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत त्यांचा छोटा दवाखाना आहे. तिथे आजाऱ्यांची सेवा करायला जायचं, यासाठी तिची तयारी चालली होती. गल्ली तिला नुसतं 'सिस्टर' म्हणायची. भाषा शिकण्याच्या त्या काळात तिला दोन नियम होते. सकाळी चार वाक्यं पाठ करायची आणि दिवसभर गावात भेटेल त्याच्याशी तीच बोलायची. आणि स्वतःची भाषा फक्त रविवारी दुपारी, घरी फोन करण्यापुरती.

त्यामुळे तिचा रोजचा धडा अख्ख्या गल्लीला पाठ असायचा. एकदा 'पोट दुखतंय का?' हा धडा होता. कोपऱ्यावरचे अंडीवाले चाचा दुपारी वैतागून म्हणाले, "सिस्टर, सकाळपासनं चारदा विचारलंत. आता खरंच दुखायला लागलंय."

"कुठं दुखतंय?" ती आनंदाने ओरडली. पुढचं वाक्य तेच होतं.

"हळू, हळू. अंडी फुटतील माझी."

या आवाजाचं कारण गल्लीला ठाऊक होतं. ती मराठी शिकली ती पिठाच्या गिरणीत. माझी खोली गिरणीच्या समोरच, पहिल्या मजल्यावर. मी एका दैनिकाचा वार्ताहर. बातम्या लिहिताना खिडकीतून गिरणीचा घरघराट आणि त्यावर चढवलेले दोन आवाज ऐकू यायचे. एक गिरणीवाल्या मावशीचा, दुसरा तिचा. मिशनच्या घरातलं दळण घेऊन ती पहिल्यांदा आली आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसली. मग रोजच येऊन बसू लागली. गिरणीत सगळेच ओरडतात. मराठी अशीच बोलतात, असा तिने समज करून घेतला आणि वाक्यांबरोबर आवाजही उचलला.

मावशी बौद्ध. गिरणीत मागे बाबासाहेबांची तसबीर, तिच्यावर पिठाचा पातळ थर. पहिल्या आठवड्यात कुणीतरी मावशीला टोचलं, ही बाई तुझा धर्म बदलायला आलीय. मावशीने सिस्टरसमोरच उत्तर दिलं, "आमचा धर्म आमच्या बापानं बदलून ठेवलाय. आता परत नाय बदलायचा. दळण हाय का तुमचं? नसंल तर वाट सोडा." सिस्टरला त्यातलं 'दळण' तेवढं कळलं. ती जोरात हसली, आणि दोघींची गट्टी जमली.

मावशीचाही एक नियम होता. एकदा धान्य ओतलं की गिरणी मधे बंद करायची नाही. मधे थांबवली की पीठ जाड निघतं, असं तिचं म्हणणं. समोरून वरात जाऊ दे, पुढारी हात जोडून उभा राहू दे, ती दळण संपल्यावरच बोलायची.

मिशनच्या मोठ्या सिस्टर तिला पहिल्यांदा वाडीवर घेऊन गेल्या तेव्हा मी त्याच गाडीत होतो. मला वाडीच्या रस्त्याची बातमी करायची होती. एका झोपडीत कंबर मोडलेली म्हातारी खाटेवर पडून होती. ही आत गेली, खाटेजवळ वाकली आणि गिरणीतल्या आवाजात विचारलं, "आजी, कुठं दुखतंय?" दारातल्या कोंबड्या उडाल्या. म्हातारीने गोधडी तोंडावर ओढली. तिची सून घाबरून बाहेर आली आणि मला विचारू लागली, "आमचं काय चुकलं? बाई कशापायी रागावली?"

परतताना मोठ्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "खाटेजवळ बसणाऱ्याला हळू बोलता यायला हवं. पावसाळ्यानंतर पुन्हा पाहू. नाही जमलं तर तू रसायनीच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळशील." ती खिडकीबाहेर डोंगराकडे पाहत राहिली. तिचं घर अशाच डोंगरावर होतं, हे तिने गिरणीत कधीतरी सांगितलं होतं.

खरं तर तिचा मूळ आवाज फार हळू होता. रविवारी दुपारी मिशनच्या कुंपणाशी बसून ती आईशी बोलायची. त्या रस्त्याने जाताना मी तो ऐकलाय. शब्द कळत नसत. रात्री घरातलं कुणी निजलं असताना आपण बोलतो तसा आवाज. ही तीच बाई, यावर विश्वास बसत नसे. घड्याळ पाहून ती फोन ठेवायची.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि गिरणी बंद असते. वाडीवरून आल्यानंतरच्या शुक्रवारी ती रिकाम्या गिरणीत आली आणि घडलेलं सगळं तारस्वरात सांगू लागली. मावशीने ऐकून घेतलं.

"कोकलतेस कशाला? मशीन बंद हाय ना गं."

ती थांबली. त्या शांततेत तिला स्वतःचा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकू आला.

मावशीची नात झोळीत निजली होती. मावशीने सिस्टरला झोळीशी बसवलं. "हिला सांग, आज दिवसभरात काय काय केलंस ते. सगळं सांगायचं. ही उठली तर नापास."

नात उठली. पुढच्या शुक्रवारीही उठली आणि गिरणी डोक्यावर घेतली. चाचा दुकानातून ओरडले, "सिस्टर नापास!" वीज नसल्याने मी खिडकीत बसायचो. झोळीच्या दोरीला हात लावून बसलेली सिस्टर दिसायची. तिचे ओठ हलायचे आणि मावशी बोट वर करून 'अजून हळू' असं खुणावायची. पाऊस असाच सरला. मग एका शुक्रवारी मला काहीच ऐकू आलं नाही. झोळी संथ हलत होती. सिस्टर बोलत होती आणि मावशी डोळे मिटून ऐकत होती. चाचा रस्ता ओलांडून आले, आत डोकावले आणि चपला हातात घेऊन परत गेले.

वाडीवर ती पुन्हा गेली तेव्हा मी नव्हतो. तिनेच येऊन सांगितलं. म्हातारीने गोधडी ओढली नाही. तिची बोली वेगळी होती, अर्धी कळली नाही. तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही बोला, मी मागून बोलते," आणि म्हातारी हसली. मोठ्या सिस्टरनी तिला वाडीचा दवाखाना दिला.

ती दोन पावसाळे तिथे होती. बाजारच्या दिवशी खाली उतरायची आणि गिरणीत बसायची. तिथे मात्र ओरडूनच बोलायची. मग वरून हुकूम आला. ओडिशातल्या डोंगरात माणूस हवा होता आणि नवी भाषा लवकर उचलणारी म्हणून हिचं नाव निघालं. निरोप घ्यायला आली तेव्हा दळण चालू होतं. मावशीने गिरणी थांबवली नाही. दोघी काहीतरी ओरडून बोलल्या. मला खिडकीतून ऐकू आलं नाही. तिच्या खांद्यावर मावशीच्या हाताचं पीठ उमटलं होतं. ते न झटकता ती स्टेशनकडे गेली.

तुमच्याही गल्लीतून असा एखादा आवाज गेला असेल. कुणी त्याबद्दल बोलत नाही. आमच्याकडेही कुणी बोललं नाही. चाचा फक्त एकदा म्हणाले, "हल्ली पोट कुणी विचारत नाय."

परवाच्या रविवारी दुपारी मी दळण घेऊन रांगेत उभा होतो. मावशीचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, चेहरा बदलला, आणि धान्य अर्ध्यावर असताना तिने गिरणी बंद केली.

"हळू बोलतेस, म्हणून बंद केली," मावशी म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी आम्हाला सांगितलं, "तिकडं पण तसाच नियम हाय. आपली भाषा फक्त रविवारी. आईला झाला म्हणते फोन. आता आपल्याला केलाय."

चाचा दुकान सोडून दारात येऊन उभे होते.

"बरं, तिकडचं शिकलीस ते सांग की काहीतरी," मावशी फोनमध्ये म्हणाली. पीठ हवेतून खाली बसत होतं. तिने उजवा हात दुसऱ्या कानावर धरला. "तू बोल. मी मागून बोलते."

आणि आम्हाला कुणालाच न कळणारे शब्द मावशी एकेक करून, अगदी हळू, बोलू लागली.