एकोणीस किलोचा कटला

मी मुखेड-नांदेड गाडीवर कंडक्टर. व्यंकटला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच गाडीत चढताना. पौष महिना होता, सकाळचे साडेअकरा झाले असतील. तलावाच्या फाट्यावर एक नवीकोरी पांढरी कार उभी होती. कारजवळच्या माणसानं हात करून बस थांबवली. अंगात जाड जाकीट, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यानं एका दुसऱ्या माणसाला दंडाला धरून पायरीवर चढवलं.

"याला नांदेडला सरकारी दवाखान्यापाशी उतरवा," तो म्हणाला. "डोळ्याला लागलंय."

चढलेला माणूस छातीपर्यंत भिजलेला, थंडीनं दात वाजत होते. डाव्या डोळ्यावर टॉवेल दाबून धरलेला. टॉवेलाच्या खालून पारदर्शक तंगूस वीतभर लोंबत होता. मासे धरायचा दोरा तो. गळ अजून आतच होता.

"तुमच्या गाडीतनं नेलं असतं तर लवकर पोचला असता," मी म्हणालो.

"सीटला डाग पडतात," तो माणूस शांतपणे म्हणाला. "आणि आम्हाला उलट्या दिशेला, लातूरला जायचंय. मासा बर्फात टाकलाय, फार वेळ टिकत नाही."

नांदेडपर्यंत दोन तास लागले. मी त्याला माझ्या सीटवर बसवलं, घोंगडी दिली. नाव विचारलं तर म्हणाला, "व्यंकट." वाटेत नरसीला चहा पाजला, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. राहिलेलं पुढं दोन-तीन वर्षांत कळत गेलं.

तलावाकाठच्या वस्तीत व्यंकट आणि त्याचा धाकटा भाऊ देविदास शेजारी शेजारी राहत. पावसाळ्यात दोघं शेतमजुरीला जात. हिवाळ्यात मात्र व्यंकटला वेगळं काम असे. लातूर, नांदेड, पार हैदराबादेहून हौशी लोक गळ टाकायला यायचे. महागाच्या दांड्या, दोरा गुंडाळायची रीळं, घडीच्या खुर्च्या. सगळं सोबत आणायचे, फक्त मासा कुठं आहे ते त्यांना ठाऊक नसायचं. ते व्यंकटला ठाऊक होतं.

थंडीत पाणी निवळतं, तळ दिसतो आणि मासा बुजतो. सकाळी तो खोलात सुस्त बसून असतो. चाऱ्याला तोंड लावतो पण ओढत नाही. दहानंतर ऊन चढलं, की दगडी बांधाजवळच्या उथळ पाण्यात अंग शेकायला वर येतो. उत्तरेचा वारा सुटला तर दिवस वाया. वारा पडला आणि पाण्यावर बारीक बुडबुडे आले, तर समजायचं, खाली कटला मासा आहे. व्यंकट ज्वारीचं पीठ, पेंड, गूळ आणि चिमूटभर हिंग मळून चारा करायचा. त्याच्या चाऱ्याला मासा येतो, अशी ख्याती होती.

लातूरचे हणमंतराव दर हिवाळ्याला यायचे. त्यांचे शिकवणीचे मोठे वर्ग होते, शेकडो पोरं. बसला हात करणारे ते हेच. त्यांची आणि त्यांच्या मित्रांची पैज असायची, मोसमातला सगळ्यात मोठा मासा कुणाचा. दोन वर्षं ते हरले होते.

त्या सकाळी दहा वाजता त्यांच्या गळाला कटला लागला. अर्धा तास त्यांनी खेळवला. मग मासा बुडीत बाभळीच्या खोडांत शिरला आणि दोरा अडकला.

"व्यंकट, उतर."

"साहेब, पाणी लई गार हाय. वाईच दम धरा, तो आपसूक भाईर येतो."

"तुला इथं कशाला ठेवलंय? उतर."

व्यंकट उतरला. छातीएवढ्या पाण्यात गेला, खोडाभोवतीचा वेढा सोडवला. मासा दमला होता. व्यंकटनं वाकून त्याच्या कल्ल्यात बोटं घातली आणि ओरडला, "साहेब, धरलाय म्या! आता वढू नका. दोरा ढिला सोडा."

कटल्यासाठी पिठाच्या गोळ्याभोवती चार गळ बांधतात. एक माशाच्या ओठात होता, तीन मोकळे. हणमंतरावांना वाटलं, ढिला सोडला की मासा जाणार. त्यांनी दांडीला हिसका दिला. ओठ फाटून त्यातला गळ निघाला, गळांचा घोस उसळला आणि त्यातला एक गळ व्यंकटच्या डोळ्यात घुसला. दोरा ताठच होता. दुसऱ्या टोकाला वजन लागतंय म्हणून हणमंतरावांनी आणखी एकदा ओढलं.

व्यंकट किंचाळला तेव्हा काठावर कळलं.

"मासा गेला का?" हणमंतराव ओरडले.

गेला नव्हता. व्यंकटची बोटं कल्ल्यातच होती. "का सोडला न्हाई, ते मला बी कळलं न्हाई," तो मला म्हणाला. "हात सोडायचं ध्यानातच आलं न्हाई बगा."

मित्रांनी मासा वर घेतला. दोरा कात्रीनं कापला. व्यंकटला दगडावर बसवलं. मग मासा काट्याला टांगला. एकोणीस किलो भरला. हणमंतरावांनी तो दोन्ही हातांवर घेऊन फोटो काढून घेतले, एक उन्हाकडं तोंड करून, एक तलावाकडं तोंड करून. पहिल्या फोटोत व्यंकटचे पाय आले म्हणून त्याला सरकायला सांगितलं. तो सरकला.

नांदेडला डॉक्टरांनी गळ काढला. डोळा वाचला नाही.

पंधरा दिवसांनी तो परतीच्या गाडीत माझ्याकडंच होता. सोबत बायको केवळाबाई. तिनं मला सांगितलं, की लातुरात हणमंतरावांनी वेगळंच पसरवलंय. व्यंकट पिऊन पाण्यात उतरला आणि स्वतःच्या हातानं गळ लावून घेतला, असं. "यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला न्हाई ओ," ती म्हणाली. पण वस्तीतही काहींनी ते खरं धरलं. मोठ्या माणसाचं खोटं लवकर पोचतं.

महिन्याभरानं हणमंतरावांनी देविदासच्या हाती एक डबी पाठवली. डबीत काळा चष्मा होता. निरोप असा, की पाहुण्यांसमोर यायचं झालं तर घालून यावा, बायकामाणसं भितात.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी व्यंकटला बोलावलंच नाही. देविदासला बोलावलं. एका डोळ्याच्या माणसाला अंतराचा अंदाज येत नाही, असं कारण दिलं. देविदासनं हाव म्हटलं. भावाला विचारलं नाही. हणमंतराव यायच्या आदल्या संध्याकाळी मात्र तो व्यंकटच्या दारात आला. घरात त्यांची आई नागाबाई चुलीजवळ बसली होती. ती ऐकत होती.

"दादा, औंदा थंडी जास्त हाय. मासा कुठं बसला आसंल?"

व्यंकट चारा मळत होता. मान वर न करता म्हणाला, "दर्ग्याच्या खालच्या डोहात. तिथंच बसीव त्यांना."

डोह उत्तरेच्या वाऱ्याच्या तोंडावर होता. दिवसभर तिथं ऊन पोचत नसे. थंडीत तिथं चिलापीसारखी बारकी मासळीसुद्धा थांबत नाही. हे व्यंकट सोडून वस्तीत कुणालाच इतकं पक्कं ठाऊक नव्हतं.

हणमंतरावांनी त्या वेळी पाहुणे आणले होते, वर्गात पैसा घालणारे बडे लोक. पहिला दिवस कोरडा गेला. दुसराही. व्यंकट समोरच्या काठावर, दगडी बांधाच्या उन्हात, साधी दोरी टाकून बसला होता. डोळा गेल्यापासून तो दोरी बोटावर ठेवून मासा ओळखायला शिकला होता. दोन दिवसांत त्याला सहा रोहू मिळाले. पलीकडच्या काठावरून ते दिसत होते.

तिसऱ्या दिवशी पाहुणे हसायला लागले. हणमंतराव देविदासकडं वळले.

"मासा येत नाही ना? मग तू आण. उतर पाण्यात, हाकून आण."

देविदासला वाटलं, गंमत चाललीय. तो हसला.

"हसतोस काय? उतर म्हटलं ना."

देविदास उतरला. त्यांनी त्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि हातांनी पाणी बडवायला लावलं. पाहुण्यांनी मोबाईल काढले. "अजून जोरात! मासे झोपलेत!" कुणीतरी म्हणालं. थोड्या वेळानं पाहुण्यांना कंटाळा आला, ते जेवायला बसले. देविदासला वर ये म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलं आणि म्हटलं नाही. तो दीड तास पाण्यात उभा होता. ओठ निळे पडले तरी.

व्यंकट समोरून पाहत होता. त्यानं एकदाही हाक मारली नाही.

ती चित्रफीत आठवड्यात मुखेडच्या बाजारात पोचली. देविदास दिसला की पोरं हातांनी हवा बडवायची. तो महिनाभर खोकत पडला. बरा झाला आणि बायकोपोरांना घेऊन हैदराबादला बांधकामावर निघून गेला. जाताना शेजारच्या दारात डोकावला नाही.

केवळाबाईनं त्या रात्री नवऱ्याला विचारलं, "जागा तुम्हीच दावली ना?"

"हाव."

"ठाव असून?"

"ठाव असून."

त्यानंतर तिनं चार दिवस त्याच्या ताटात भाकरी वाढली, पण बोलली नाही. मला हे व्यंकटनंच सांगितलं, गाडीत, डोळ्यावरचं पाणी पुसत. गेलेल्या डोळ्यातून त्याला सारखं पाणी येई.

"बरं वाटलं होतं का तेव्हा?" मी विचारलं.

"खोटं कशाला सांगू? लई बरं वाटलं. त्यो थरथरत हुता आन् मला आतून ऊब येऊलाली होती. दोन दीस टिकली ती. मंग गेली, आन् काहीच राहिलं न्हाई."

हणमंतराव दुसऱ्या तलावावर जाऊ लागले. त्यांचं काही बिघडलं नाही. त्यांच्या वर्गाच्या फलकावर त्यांचा फोटो आहे, कटल्याचा नव्हे, सुटाबुटातला.

यंदा माघात नागाबाई वारली. देविदास आला. दोन्ही भावांनी तिरडीला खांदा दिला, पुढच्या दोन बाजूंना, एकमेकांकडं न बघता. तिसरा दिवस उरकून देविदास माझ्या दुपारच्या गाडीत बसला. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. व्यंकट फाट्यावर चालत आला आणि खिडकीखाली उभा राहिला.

"देवा," तो म्हणाला, "त्या डोहात मासा नसतोय. म्या मुद्दाम सांगितलं हुतं."

देविदास समोरच्या सीटकडं बघूनच बोलला.

"मला पैल्याच दिशी कळलं, दादा," तो म्हणाला. "तू तिकडं रोहू काढत बसलेला दिसत नव्हतास व्हय?"

"मंग वर का आला न्हाईस?"

"तुझं काम म्या घेतलं हुतं. म्हणलं, बघायचं असंल तर पोटभर बघू दे."

व्यंकटनं खिडकीच्या गजाला हात लावला. देविदासनं तो धरला नाही, झटकलाही नाही. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. देविदास नांदेडपर्यंत तोंडावर गमछा घेऊन पडून होता. झोपला होता की नाही, मी पाहिलं नाही.

व्यंकट अजून तलावावर जातो. हिवाळ्यात हैदराबादची नवी माणसं येतात, त्याला विचारतात, मासा कुठं लागेल. तो चारा मळत राहतो आणि म्हणतो, "मला न्हाई ठाव."