दिवेलागणीनंतर विरजण नाही

थोरात सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी संभाजीनगरात, मुलाच्या नव्या फ्लॅटखाली पाण्याच्या टँकरची वाट बघत होते. टँकर आला, लोक धावले, मी मात्र कठड्यावर बसूनच राहिले... पिशोरच्या शाळेत आम्ही बरोबरीनं शिकवलं. ते गणित, मी मराठी. मेंढपाळाच्या घरातला हा माणूस वर्गात हाक मारायचा तर बाजारातली माणसं वळून बघायची.

तीही दुष्काळाचीच वर्षं. शाळेतले कॉम्प्युटर विकतच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली की अडून बसत. सरांनी सगळ्यांवर मुक्त सॉफ्टवेअर टाकलं. कोणीही वापरावं, कोणालाही द्यावं, असं. पालक बिथरले. शहरात रोज नवी कंपनी उभी राहत होती. तिथं आपल्या पोरांना कोण विचारणार? कॉम्प्युटरची खोली बंद करायची का, यावर सभा भरली. ती खोली म्हणजे सरांचा जीव. त्यांचा एवढासा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई उठल्या. "असलं फुकटचं शिकून माझ्या पोरीला शहरात कोन उभं करील, सर?"

"बाई, तुम्ही विरजण इकत आनता का?"

"नाय बा. शेजारनीकडून."

"मंग दही लागत नाय व्हय?"

सभा हसली आणि खोली वाचली. सरांनी हौसेनं त्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह स्टीलच्या वाटीत ठेवला, वाटी आणि खोलीची किल्ली शेवंताबाईंकडे दिली. ज्याला हवं त्यानं न्यावं, उतरवून घ्यावं, परत आणावं.

पण एकदा देवगाव रंगारीचे एक मास्तर संध्याकाळी पेनड्राइव्ह न्यायला आले, तर शेवंताबाई वाटी पदराआड धरून उभ्या. "दिवं लागलं. आता विरजण देत नसत्यात."

मला हसू आवरेना. सर मात्र समजूत घालायला तयार नव्हते. "राहू द्या म्याडम, त्यांनी घरातली चीज मानलीय ती," म्हणाले, आणि मास्तरांना पिठलं-भाकरी खायला घरी घेऊन गेले. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं.

शेवंताबाईंची मुलगी आता शहरात कॉम्प्युटरवरच काम करते. तेराव्याला मी पिशोरला गेले होते. निघताना नातवाच्या जुन्या लॅपटॉपसाठी पेनड्राइव्ह मागितला. केस पांढरे झालेल्या शेवंताबाईंनी बाहेर पाहिलं. "दिवं लागलं की, म्याडम."

मी पिशवी खाली ठेवली आणि मुक्कामाला राहिले. सकाळी त्यांनी वाटी हातात दिली.

"नातवाला सांगा, लागलं की फुडं द्यायचं."