आईच्या टेबलावरचा लाल इशारा

आईचं पेन्शन कार्यालय आमच्या हिंदीभाषक शहराच्या कंपू नावाच्या भागातल्या दुसऱ्या एका कार्यालयात विलीन झालं. पाट्या बदलल्या, साहेब बदलले. कॉम्प्युटरवरची साइट मात्र जुन्याच नावाने नोंदलेली राहिली, म्हणून ती उघडताना दर वेळी लाल अक्षरांत इशारा यायचा : ही साइट बनावट असू शकते. आपलंच कार्यालय! दुरुस्तीला वर कुणाला वेळ नव्हता. फोनवर सांगितलं गेलं, "कुछ नहीं दीदी, 'आगे बढ़ें' दबा दो."

आई दाबायची. खिडकीबाहेर हयातीचे दाखले घेऊन म्हातारे उभे असत. ती जरा वाचत थांबली की रांगेतून आवाज यायचा, "बहनजी, हमारे मरने के बाद दोगी क्या?"

"सर्टिफिकेट तो जीते जी ही लगेगा, काका," ती हसून म्हणायची आणि बटन दाबायची.

एका दुपारी नव्या कार्यालयाच्या नावाने ईमेल आला. त्यातली लिंक उघडली तर हुबेहूब आपलंच पान, तसाच लाल इशारा. तिने दाबलं, पासवर्ड टाकला. त्या पासवर्डवर कुणीतरी काही म्हाताऱ्यांची पेन्शन भलत्याच खात्यांत वळवली.

चौकशीत साहेबांनी एवढंच विचारलं, "चेतावनी आई थी कि नहीं?"

"आई थी."

"फिर?"

मी पत्रकं वाटत वाढले. खासगी बाजार नावाच्या आमच्या पेठेत एकाच माणसाच्या हातात सकाळपासून पाचवा कागद ठेवला की तो न बघता खिशात कोंबतो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. माणसाचं लक्ष फुकट नसतं. इशारा देणाऱ्याला काही खर्च येत नाही, येतो तो वाचणाऱ्याला आणि रांगेत ताटकळणाऱ्याला. खोट्या इशाऱ्यांवर आईचं लक्ष कार्यालयानेच उधळलं आणि खऱ्याच्या वेळी जाब तिलाच विचारला. मी हे सगळं तिच्या जबाबासाठी लिहून काढलं, चांगली चार पानं.

तिने ती वाचली आणि घडी घालून मला परत दिली.

"छान लिहिलंयस गं. पण इशारा आला होता ना?"

"आई, रोजच येत होता!"

"त्या दिवशीही आला होता. मी वाचला नाही."

तिने एकच ओळ लिहून दिली : मुझे ध्यान नहीं रहा.

सोमवारी तिला टपालाच्या टेबलावर बसवलं. तिच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. संध्याकाळी घरी चप्पल काढता काढता आई म्हणाली, "त्यांनी विचारलं, ये लाल वाला क्या है, दीदी? मी म्हटलं, साहेबांना विचारा."

"मग? साहेब काय म्हणाले?"

"दबा दो, म्हणाले."

सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.