शुक्रवारचा जुना सिनेमा

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबांना आम्ही आठवतो का. मी विषय बदलला. तुमच्या आईलाही नीट सांगितलेलं नाही. आता क्रमाने लिहिते. तिच्याकडून वाचून घ्या.

बहारीनच्या नईम भागातल्या या घरात शुक्रवारी नाश्ता झाला की आम्ही दोघं एक जुना विनोदी सिनेमा बघायचो. हॉटेलातल्या वेटरला लोक चुकून सरदार समजतात, एवढीच गोष्ट. मूळ सिनेमा जर्मन. बोलपट नवे असताना हॉलिवूडने तोच पुन्हा काढला. प्रसंग तेच, माणसं दुसरी. आजोबांना मूळ प्रिय, मला हॉलिवूडचा. म्हणून पाळी लावलेली, एका शुक्रवारी त्यांचा, पुढच्या शुक्रवारी माझा.

"तुझा म्हणजे कालची आमटी," ते म्हणायचे.

"मुरलेली असते ती," मी म्हणायची.

गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग घराकडची गल्ली, मग तुमच्या मामाचं नाव. मला मात्र ओळखतात, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. डॉक्टर म्हणाले, सवयीच्या गोष्टी सोडू नका. मी तरी त्यांच्या ओळखीची राहावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून या शुक्रवारी पाळी माझी असूनही मी त्यांचा जर्मन सिनेमा लावला.

वेटर सरदाराचा कोट चढवतो तिथे ते हसले. एरवी ते विनोद यायच्या आधीच हसायचे. या वेळी पहिल्यांदाच बघत असल्यासारखे, नंतर हसले. तरी मला बरं वाटलं. मी सोफ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"बाई, तुम्ही त्या खुर्चीवर बसता का?" ते अदबीने म्हणाले. "ही आमच्या मिसेसची जागा. सीफच्या मॉलमध्ये गेलीय खरेदीला, येईल आता."

मी उठून खुर्चीवर बसले. "त्यांना आवडतो का हा सिनेमा?"

"छे. माझ्यासाठी बसते. मी हसलो की माझ्याकडे बघते, सिनेमाकडे नाही. तिला वाटतं, मला कळत नाही."

हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं.

सिनेमा संपला. त्यांचं लक्ष दाराकडे. "एवढा उशीर करत नाही कधी," म्हणाले. त्यांची चुळबुळ बघवेना. मी स्वयंपाकघरातून खरेदीची पिशवी घेतली, चपला घातल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

दार त्यांनीच उघडलं. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडे.

"एकट्याच आलात? यजमान कुठे असतात तुमचे?"

"इथेच. बहारीनमध्येच."

"मग पुढच्या वेळी घेऊन या त्यांना," ते म्हणाले. मला आत घेतलं आणि दार उघडंच ठेवलं.