खिडकीतला परका माणूस

ती घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण सातवी. पण गर्दी मला वाचता येते, हे कोणीही येऊन तपासावं.

खबऱ्याने सांगितलं, प्रताप नगरातला एक विद्यार्थी परदेशातून सुट्टीवर आला आहे. तिकडे सरकारविरुद्ध दंगल पेटली, त्यात याने जाळपोळ केली आणि त्याचं चित्रण इथल्या पोरांना दाखवतो. आम्ही त्याला लॅपटॉपसकट ठाण्यात आणलं. म्हणाला, ही प्रायोगिक शॉर्ट फिल्म आहे. आग कुठली, विचारलं की मान खाली. साहेब पुण्याकडचे, नवीन आलेले. म्हणाले, गुन्हा नोंदवा. गुन्हा नोंदला की पासपोर्ट अडकणार, शिक्षण संपणार. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती.

मी म्हटलं, आधी मी पाहतो. साहेब चिडले. मी हटलो नाही.

फिल्म विचित्रच. संवाद नाहीत. एक परका माणूस खिडकीत पाठमोरा उभा, खाली आग, धूर, माणसं. आवाज फक्त त्याच्या श्वासाचा. दुसऱ्यांदा पाहताना मी थांबवायला सांगितलं. दंगलीत माणूस आगीपासून पळतो. इथे बाप लेकरांना खांद्यावर घेऊन आगीकडे सरकत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीचा पुतळा मिरवून जाळतात; आयुष्यभर मी हाच बंदोबस्त केला आहे.

"ही मारबत जळून राहिली ना गा?"

पोरगा रडायला लागला. "हो काका. तिकडं दंगलीत मी खोलीबाहेर पडलोच नाही. नुसता आवाज ऐकला. म्हणून आग इथली लावली."

"मंग सांगत काहून नव्हता?"

"मारबतीले दंगल म्हणून दाखवलं म्हटलं, तर इथले लोक मले सोडतील का?"

"अरे, गावाची सारी पीडा आपण तिच्यासोबत जाळतो. तुही थोडी पीडा नेली तर तिचं काय बिघडलं?"

मग त्याच्या लॅपटॉपमधलं मारबतीचं मूळ चित्रण आवाजासकट साहेबांपुढे लावलं. 'घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी ठाण्यात घुमली. साहेब हसले आणि पोराला स्वतः आईपर्यंत सोडून आले.

गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो असं नाही. तो कोणाला घाबरतो, हे आधी शोधावं. माझा हा धडा कोणत्या पुस्तकात नाही.

पुढे पोराचा तिकडून फोन आला. फिल्म दाखवली, लोकांनी विचारलं, हा रस्ता कुठला? म्हणाला, "काका, मी छातीठोक सांगितलं, नागपूरचा."