करपलेली धार
नातवाने परवा राय नावाच्या धान्याच्या व्हिस्कीची बाटली उघडली आणि तो जळका वास नाकात शिरताच माझं डोकंच फिरलं. बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात, अकोल्याच्या डोंगरात, सासूबाईंनी मोहाची दारू गाळायला घेतली होती. घरात भाकरीचे वांधे, पण जत्रेला देवापुढे पहिली धार हवीच! चुलीवर मोहाच्या फुलांचं मडकं, त्याच्या तोंडावर गार पाण्याचं पातेलं. ते पाणी तापलं की फेकायचं आणि पुन्हा गार भरायचं, तरच आतल्या वाफेची दारू होते. आणि पाणी आणायचं कुणी? मी, कोरड्या ओढ्यात खणलेल्या झिऱ्यातून, वाटीवाटीने हंडा भरून. सासूबाईंनी ते तापताच माझ्यादेखत मातीत ओतलं. पुन्हा मागायला आल्या तेव्हा मी हंडा कवटाळून बसले. "सोड, देवाचं काम हाय," त्या ओरडल्या. "मग देवालाच धाडा झिऱ्यावर," मी म्हणाले. त्यांनी वेणी धरून ओढलं, मी हलले नाही. पातेलं उकळलं, खाली फुलं करपली आणि धार आली ती पिवळट, जळक्या वासाची. तीच देवापुढे ओतत त्या म्हणाल्या, "घे रं देवा, सुनंनं नासवलेली. हिची कूस बी अशीच करपव." परवा नातू कौतुकाने सांगत होता, "आजी, आतून जाळलेल्या लाकडी पिपात मुरवतात, म्हणून हा वास." मी त्याच्या हातातली बाटली घेतली आणि सासूबाईंच्या फोटोपुढे आदळली. म्हटलं, "घ्या, तुमच्या पणतूने आणलीय. करपलेलीच आहे."